बाबांना स्टेंट, मुक्काम सहा महिने, देश अमेरिका: विमा कुठला घ्यावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. बाबा ६८ वर्षांचे, आई ६४. बहिणीच्या बाळंतपणासाठी दोघं दोन महिन्यांनी न्यू जर्सीला निघतायत, मुक्काम सहा महिने. बाबांना बीपी आणि शुगर, पाच वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी होऊन एक स्टेंट बसलाय. आईला फक्त थायरॉइडची गोळी. इथला एजंट म्हणतो, आपल्याकडची पॉलिसी घ्या, ५०,००० डॉलरचं कव्हर आहे आणि स्वस्त पडेल. बहीण म्हणते, तिकडची घेऊ. आणि बाबा म्हणतात, मला काही होत नाही, उगाच पैसे कशाला घालवता.

आधी उत्तर सांगते, मग कारणं. दोघांसाठीही अमेरिकेतली 'कॉम्प्रिहेन्सिव्ह' प्रकारची (म्हणजे बिलाच्या प्रमाणात पैसे देणारी) व्हिजिटर पॉलिसी, म्हणजे पाहुणे म्हणून आलेल्यांसाठीची पॉलिसी, घ्या. बहिणीला तिथून ऑनलाइन काढता येईल. बाबांच्या पॉलिसीत जुना आजार अचानक उफाळला तर त्याचं कव्हर त्यांच्या वयाला लागू आहे का, ते मात्र पैसे भरण्याआधी तिने स्वतः वाचून घ्यायला हवं.

मी पुण्यात बावीस वर्षं विमा सल्लागार म्हणून काम करते. तिकडच्या पॉलिसीवर मला कमिशन मिळत नाही, इथल्या पॉलिसीवर मिळतं. हे सांगून ठेवलेलं बरं, कारण विम्याचा सल्ला घेताना समोरच्याला त्यातून काय मिळतं हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

आता ५०,००० डॉलरचं काय ते बघू. हा आकडा पॉलिसीच्या पहिल्या पानावर ठळक छापलेला असतो आणि लोक तेवढाच बघतात. पण साठी ओलांडलेल्या प्रवाशासाठी आपल्याकडच्या बऱ्याच पॉलिसींत आतल्या पानावर एक तक्ता असतो. खोलीचं भाडं दिवसाला अमुक डॉलरपर्यंत, आयसीयू अमुक, सर्जनची फी अमुक, भूल देणाऱ्या डॉक्टरांची अमुक, तपासण्या अमुक. यालाच सबलिमिट म्हणतात. एकूण रक्कम ५०,००० असली तरी पैसे प्रत्येक ओळीत लिहिलेल्या मर्यादेपर्यंतच मिळतात, आणि अमेरिकेतल्या बिलापुढे त्या मर्यादा तोकड्या पडतात. काही कंपन्या जास्त हप्ता घेऊन सबलिमिट नसलेली पॉलिसीही देतात. तुमच्या एजंटला एकच गोष्ट विचारा: "६८ वयाला सबलिमिट आहे का? असेल तर तो तक्ता मला पाठवा." आहे की नाही हे पाचव्या मिनिटाला कळेल. तक्ता पाठवायला टाळाटाळ झाली तर काय समजायचं ते तुम्हाला सांगायला नको.

तिकडच्या पॉलिसीतही हाच सापळा आहे, फक्त नाव वेगळं. अमेरिकेत व्हिजिटर इन्शुरन्सचे दोन मुख्य प्रकार मिळतात. एक 'फिक्स्ड बेनिफिट', म्हणजे प्रत्येक खर्चाला ठरलेली रक्कम देणारा, दुसरा 'कॉम्प्रिहेन्सिव्ह'. पहिल्याचा हप्ता कमी असतो, म्हणून साइटवर तोच वर दिसतो आणि बहिणीचा हात आपसूक तिकडे जाईल. तो घेऊ नका. का, ते हिशेब मांडून दाखवते. आकडे समजण्यापुरते घेतलेत.

समजा बाबांना न्यूमोनिया झाला, तीन दिवस दवाखान्यात राहिले आणि बिल ४०,००० डॉलर आलं. फिक्स्ड पॉलिसीत दवाखान्यातल्या दिवसाला १,५०० डॉलर लिहिलेत, म्हणजे तीन दिवसांचे ४,५००. इमर्जन्सीचे ठरलेले ३००, डॉक्टरांच्या भेटीचे प्रत्येकी ७५, तपासण्यांचे थोडेफार. ओढूनताणून ७,००० झाले. उरलेले ३३,००० तुमच्या खिशातून. आता कॉम्प्रिहेन्सिव्ह बघा. डिडक्टिबल, म्हणजे सुरुवातीला आपण भरायची रक्कम, २५० डॉलर. त्यापुढच्या पहिल्या ५,००० डॉलरमध्ये कंपनी ८० टक्के देते, आपण २०, म्हणजे आपले १,०००. त्यापुढे पॉलिसीच्या कमाल रकमेपर्यंत सगळं कंपनीचं. आपल्या खिशातून एकूण १,२५० डॉलर. बिल तेच, आजार तोच. हप्त्यातला फरक या फरकापुढे काहीच नाही.

डिडक्टिबलबद्दल एक बारकावा. तो अख्ख्या मुक्कामाला एकदाच लागतो की प्रत्येक आजारपणाला वेगळा, हे बघा. सहा महिन्यांत म्हातारी माणसं दोनतीनदा तरी आजारी पडतात. एकदाच लागणारा असेल तर तोच घ्या. डिडक्टिबल वाढवला की हप्ता कमी होतो. २५० किंवा ५०० डॉलरचा ठेवावा असं माझं मत आहे. कमाल रक्कम मात्र बाबांसाठी किमान १,००,००० डॉलर हवी. या वयाला तेवढी मिळते का ते बघावं लागेल, कारण सत्तरीनंतर बऱ्याच पॉलिसी ती मर्यादा खाली आणतात. तुमचे बाबा ६८ चे आहेत. प्रवास दोन वर्षं पुढे ढकलला असता तर निवड बरीच कमी झाली असती.

आता खरी गोष्ट, बाबांचा स्टेंट.

जुना आजार म्हणजे पॉलिसी सुरू होण्याआधीपासून असलेला, मग त्याचं निदान झालेलं असो किंवा गोळी चालू असो. बीपी, शुगर, स्टेंट, तिन्ही त्यात आले. सर्वसाधारण प्रवास विमा जुन्या आजाराचे नियमित उपचार सहसा देत नाही. शुगरची तपासणी, बीपीची गोळी, डॉक्टरांकडची नेहमीची भेट हे सगळं स्वतःच्या पैशाने. म्हणून सहा महिन्यांच्या गोळ्या इथूनच न्यायच्या, मूळ पाकिटांसकट, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसकट, आणि चिठ्ठीत गोळीच्या ब्रँडसोबत औषधाचं मूळ नावही हवं, कारण आपले ब्रँड तिकडे कुणाला कळत नाहीत. गोळ्या हातातल्या बॅगेत ठेवा, चेक-इनच्या बॅगेत नाही.

पण चांगल्या कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसीत 'अक्यूट ऑनसेट ऑफ प्री-एक्झिस्टिंग कंडिशन' नावाचं कलम असतं. जुना आजार कुठलीही पूर्वसूचना न देता अचानक उफाळला, तातडीच्या उपचाराची गरज पडली आणि पेशंट त्यासाठी ठरलेल्या वेळात, बहुतेक ठिकाणी २४ तासांत, डॉक्टरांपुढे गेला, तर ते उपचार पॉलिसीत बसतात. या कलमाला वयाची अट असते, कुठे ७०, कुठे ८०. त्याची कमाल रक्कम पॉलिसीच्या एकूण रकमेपेक्षा कमी असू शकते. हृदयविकारासाठी काही पॉलिसींत आणखी वेगळी मर्यादा असते. निघण्याआधीच्या काही आठवड्यांत औषध बदललं असेल तर काही पॉलिसी हे कलम लागू करत नाहीत. बहिणीने हे चारही मुद्दे त्या कलमात बोट ठेवून वाचावेत. माहितीपत्रकात नाही, मूळ पॉलिसीत. ती प्रत साइटवर असते, नसेल तर मागून घ्यावी.

यातल्या 'अचानक' आणि '२४ तास' या दोन शब्दांवर मी आई-बाबांना समोर बसवून अर्धा तास बोलते. कारण आपल्याकडची वडीलधारी माणसं काय करतात ते मला चांगलं माहीत आहे. पायाला सूज आली, जिना चढताना धाप लागली, रात्री छातीत जड वाटलं, तर ती सांगत नाहीत. लेक बाळंतीण आहे, जावईबापूंना सुट्टी नाही, डॉक्टरचा खर्च डॉलरमध्ये, उद्या बघू. असे चार दिवस काढतात. पाचव्या दिवशी दवाखान्यात न्यावं लागतं आणि तिथे डॉक्टर विचारतात, त्रास कधीपासून होतोय? बाबा प्रामाणिकपणे सांगतात, चार-पाच दिवस झाले. ते वाक्य केसपेपरवर जातं. कंपनीच्या दृष्टीने आता हा त्रास अचानक आलेला राहिला नाही, पूर्वसूचना होती. क्लेम गेला. आणि पैशाची गोष्ट सोडा, त्या चार दिवसांत हृदयाचं जे नुकसान होतं ते कुठल्या पॉलिसीने भरून येत नाही.

म्हणून बाबांना हे निघण्याआधी, तुमच्या तोंडून, स्पष्ट सांगा. छातीत, जबड्यात, डाव्या हातात काही वेगळं वाटलं, दम लागला, घाम फुटला, तर त्याच तासात सांगायचं. रात्रीचे दोन वाजले असले तरी बहिणीला उठवायचं.

आता फॉर्मबद्दल. इथली पॉलिसी असो की तिकडची, जिथे जिथे आजार विचारलाय तिथे स्टेंट लिहायचा. "लिहू नका साहेब, हप्ता वाढेल" असं सांगणारा एजंट भेटला तर त्याच्याकडून पॉलिसी घेऊ नका. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे साताऱ्याकडचं एक कुटुंब आलं होतं, क्लेम नाकारल्यानंतर. काकांना अमेरिकेत छातीत दुखलं, दवाखान्यात नेलं, सगळं नीट झालं. बिल मोठं. कंपनीचं पत्र आलं की आजाराची माहिती लपवली, क्लेम नामंजूर. मी फॉर्म मागवला. हृदयविकार, उच्च रक्तदाब, मधुमेह, शस्त्रक्रिया, चार चौकोन आणि चारही ठिकाणी एकाच पेनाने, एकाच वळणाने 'नाही'. ते अक्षर काकांचं नव्हतं, खाली सही मात्र त्यांची होती. आणि तिकडच्या दवाखान्याच्या कागदावर, त्यांनी स्वतः सांगितलेलं: चार वर्षांपूर्वी स्टेंट, रोज रक्त पातळ करण्याची गोळी. डॉक्टरांना खरं सांगणं हेच योग्य होतं, ते त्यांनी केलं. फॉर्मवर ते खरं नव्हतं. दोन कागद शेजारी ठेवले की भांडायला जागाच उरत नाही. मी खूप प्रयत्न केले, काही हाती लागलं नाही. काकू शेवटी फक्त एवढंच म्हणाल्या, "आम्ही त्याला सगळं सांगितलं होतं हो." ते मला अजून आठवतं. तेव्हापासून फॉर्म मी पेशंटलाच वाचून दाखवते आणि आजाराचे चौकोन त्यांच्याच हाताने भरून घेते.

दोन महिने हातात आहेत, तर याच आठवड्यात बाबांना त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांकडे घेऊन जा. ईसीजी, टूडी इको, जे ते सांगतील ते करा. औषधात बदल करायचा असेल तर तो आताच होऊ दे, निघायच्या आदल्या आठवड्यात नको. 'प्रवासाला हरकत नाही' असं लिहून घ्या. डॉक्टरांनी प्रवास नको म्हटलेलं असताना निघालेल्या माणसाचा क्लेम कुठलीही कंपनी देत नाही.

आईसाठी खरं तर इथली सबलिमिट नसलेली पॉलिसीही चालली असती. तरी दोघांची एकाच कंपनीची घ्या असं म्हणते, कारण अडचणीच्या वेळी बहिणीला एकच फोन नंबर, एकच नेटवर्क (कंपनीशी जोडलेल्या दवाखान्यांची यादी) आणि एकच पद्धत लक्षात ठेवावी लागेल. देशातला मेडिक्लेम आहे म्हणून निर्धास्त राहू नका. तो बहुतेक करून भारतातल्या दवाखान्यांपुरताच असतो.

पॉलिसीच्या तारखा विमान सुटण्याच्या दिवसापासून घरी परत येण्याच्या दिवसापर्यंत असू द्या. आधी महिनाभराची काढू, मग वाढवू, हा बेत नको. मधल्या काळात काही निघालं तर पुढच्या पॉलिसीत तोच आजार जुना ठरतो. मुक्काम लवकर आटोपला तर, क्लेम झालेला नसल्यास, बऱ्याच कंपन्या उरलेल्या दिवसांचे पैसे परत देतात. अमेरिकेत पोचल्यावरही तिकडची पॉलिसी काढता येते, पण प्रवासातले दिवस उघडे राहतात आणि काही पॉलिसींत उशिरा काढल्यास सुरुवातीचे काही दिवस आजाराचं कव्हर मिळत नाही.

सामान हरवणं, विमान उशिरा येणं, पासपोर्ट गहाळ होणं यांच्या रकान्यांवर फार वेळ घालवू नका. दातांचंही तेच. आजारी माणसाला मायदेशी आणण्याचं आणि, देव न करो, पार्थिव आणण्याचं कव्हर मात्र आहे ना ते बघा.

हेच तुम्ही युरोपला पंधरा दिवस फिरायला निघाला असता तर मी इथलीच पॉलिसी घ्या म्हणाले असते. शेंगेन व्हिसासाठी, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांच्या एकत्र व्हिसासाठी, किमान ३०,००० युरोचं वैद्यकीय कव्हर बंधनकारक आहे, सगळ्या शेंगेन देशांत आणि मुक्कामाच्या सगळ्या दिवसांना चालणारं. आपल्या कंपन्यांची कागदपत्रं तिथे चालतात. अमेरिकेच्या व्हिजिटर व्हिसाला विम्याची सक्तीच नाही, म्हणून कितीतरी लोक तसेच जातात. मला त्याचीच जास्त काळजी वाटते.

तिकडच्या पॉलिसीत एक उणीव आहे, तीही सांगते. आपल्याकडच्या कंपनीने क्लेम नाकारला तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे लेखी जाता येतं, आणि महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपालांकडे, म्हणजे विम्याच्या तक्रारी सोडवणाऱ्या अधिकाऱ्यांकडे. त्यांची कार्यालयं मुंबईत आणि पुण्यातही आहेत. वकील लागत नाही, फी नाही, नकार आल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज करायचा. अमेरिकन कंपनीपुढे हा मार्ग बंद. तिथलं भांडण बहिणीलाच तिथून लढावं लागेल. तरीही बाबांच्या बाबतीत मी तिकडचीच घ्या म्हणते, कारण भांडणाची वेळ येऊ नये अशी शब्दरचना तिथल्या कलमात मिळण्याची शक्यता जास्त आहे.

प्रत्यक्ष वेळ आली तर काय करायचं, ते बहिणीला आणि जावयांना आताच माहीत असू दे. छातीत दुखतंय, बोलताना जीभ अडखळतेय, तोंड वाकडं झालंय, तर विमा, नेटवर्क, खर्च काही बघायचं नाही. सरळ ९११, तिथला तातडीच्या मदतीचा नंबर. तिथे १९८६ पासून कायदा आहे की इमर्जन्सी विभागात आलेल्या माणसाची ऐपत न बघता तपासणी करून प्रकृती स्थिर करावीच लागते. पैसे नाहीत म्हणून दारातून परत पाठवत नाहीत. बिल नंतर येतं, पण माणूस आधी हाती लागतो. पेशंट आत गेला की पॉलिसीच्या २४ तास चालणाऱ्या नंबरवर फोन करायचा. दाखल झाल्याचं ठरलेल्या वेळेत कळवलं नाही तर रकमेत कपात करणाऱ्या पॉलिसी आहेत. फोनवर कोण बोललं, किती वाजता, काय सांगितलं, ते वहीत लिहून ठेवा.

ताप, खोकला, पाय मुरगळणं अशा गोष्टींसाठी इमर्जन्सीत जाऊ नका, 'अर्जंट केअर'मध्ये, म्हणजे किरकोळ दुखण्यांसाठीच्या दवाखान्यात जा. तिथलं बिल कितीतरी कमी असतं, आणि दाखल न होता इमर्जन्सीतून परतलात तर काही पॉलिसी जादा डिडक्टिबल लावतात. दवाखाना पॉलिसीच्या नेटवर्कमधला असेल तर बिल थेट कंपनीकडे जाण्याची शक्यता वाढते. एकाच आजारपणाची चार-पाच वेगवेगळी बिलं येतील: दवाखान्याचं वेगळं, डॉक्टरांचं वेगळं, लॅबचं वेगळं, अँब्युलन्सचं वेगळं. काही तर आई-बाबा परत आल्यावर दोन महिन्यांनी येतील. घाबरून कार्डाने भरून टाकू नका. प्रत्येकाचं तपशीलवार बिल मागा, ते क्लेमला जोडा. दवाखान्यात सही करताना बहिणीने वर काय लिहिलंय ते वाचावं. बिलाची जबाबदारी आपल्यावर घेणारी ओळ त्यात असू शकते.

शेवटचं एक काम तुमच्याकडचं. एक साधा कागद इंग्रजीत टाइप करा. दोघांची नावं, जन्मतारखा, पॉलिसी नंबर, २४ तासांचा फोन, बहिणीचा पत्ता. बाबांच्या गोळ्या मूळ औषधाच्या नावाने आणि डोससकट, स्टेंट कधी आणि कुठल्या रक्तवाहिनीत बसला, कशाची अ‍ॅलर्जी आहे, इथल्या डॉक्टरांचा फोन. अँजिओप्लास्टीचा डिस्चार्ज पेपर फोटो काढून सगळ्यांच्या फोनमध्ये. कागदाच्या तीन प्रती: एक बाबांच्या पाकिटात, एक आईच्या पर्समध्ये, एक बहिणीच्या फ्रिजवर. आणि तिच्या शेजारपाजारच्या एका माणसालाही तो कागद दाखवून ठेवा, कारण बाळंतपणाच्या दिवशी बहीण आणि जावई दोघंही दवाखान्यात असतील आणि घरी आई-बाबा एकटेच असतील.